ढब्बू बोलतो खूप, बघत नाही

प्रश्न: "काका, मी नागपुरात मानेवाड्याकडे एका बालवाडीत शिकवते. मुलाच्या शाळेच्या जुन्या मोज्याचा बाहुला केला, बटणांचे डोळे, लाल कापडाची जीभ, लोकरीचे केस, नाव ठेवलं ढब्बू. घरी सगळ्यांना भारी आवडला. वर्गात नेला, २२ पोरं, पहिली दोन मिनिटं हसली आणि मग सगळी माझ्याच तोंडाकडे बघत बसली. मी अजून जोरात हलवला, आवाज अजून बारीक केला, तर एक पोरगा म्हणतो, टीचर तुमचा हात दुखत नाही का? रडूच यायचं बाकी होतं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, शाळेत दहा मिनिटांचा कार्यक्रम करायचाय. ओठ न हलवता बोलायचं शिकू का? की ऑनलाइन दीड हजाराचा रेडीमेड बाहुला मागवू? जोडीचा दुसरा मोजा अजून घरीच पडलाय, तो बघितला की वाटतं हा मोजा आणि माझा ढब्बू यात काही फरकच नाही. — एक बालवाडीताई"

ताई, आधी त्या पोराला माझ्याकडून एक चॉकलेट द्या. तुम्हाला त्याचा राग आला असेल पण नेमकं त्यालाच कळलंय काय बिघडलं ते. त्याला ढब्बू दिसलाच नाही, त्याला हात दिसला. म्हणजे हालचाल दिसली, ती कोण करतंय ते दिसलं, आणि लेकरू बिचारं चांगल्या मनाचं म्हणून त्याने हाताची चौकशी केली.

दीड हजाराचा बाहुला मागवू नका. त्याचा पण हातच दिसेल. अमेरिकेतल्या बाहुलीवाल्या जिम हेन्सनने १९५५ मध्ये जो पहिला कर्मिट केला ना, पुढे टीव्हीवर गाजलेला तो बेडूक-बाहुला, तो आईच्या टाकून दिलेल्या कोटाचं कापड आणि पिंगपाँगच्या बॉलचे दोन अर्धे डोळ्यांना, बस एवढाच होता, तेव्हा तर तो बेडूक पण नव्हता. आणि रशियातले बाहुलीवाले सर्गेई ओब्राझ्त्सोव तर याच्याही पुढे गेले, नुसत्या उघड्या हातांवर, बोटावर एकेक लाकडी गोळा, ना डोळे ना नाक ना कपडे, आणि दोन गोळे एकमेकांवर प्रेम करून राहिलेत हे लोकांना समजायचं. तुमच्याकडे तर बटणं आहेत, जीभ आहे, केस आहेत. सामान उलट जास्तच झालंय म्हणा.

मग गडबड कुठाय? तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, "मी अजून जोरात हलवला, आवाज अजून बारीक केला". सगळे नवे लोक हेच करतात, मी पण केलं, बाहुला मेल्यासारखा वाटला की आपण घाबरून त्याला गदागदा हलवतो, जसं बंद पडलेलं रिमोट हातावर आपटतो तसं. आणि जितका हलवतो तितका तो अजून मोजा होत जातो. कारण जिवंत माणूस असा सतत हलतच नाही हो. तुमच्या वर्गातल्या सगळ्यात चळवळ्या पोराला बघा, ते पण मधेच थबकतं, कशाकडे तरी बघतं, काहीतरी डोक्यात येतं आणि मग पळतं. ते जे थबकणं आहे ना, तिथे आपल्याला कळतं की याच्या डोक्यात काही चाललंय. ढब्बूला तुम्ही थबकूच दिलं नाही. तो बोलतो खूप पण बघत नाही.

तर आजपासून आठ दिवस ढब्बूचं बोलणं बंद. सीरियसली. एक शब्द नाही.

पहिले त्याचे डोळे नीट करा. काळं बटण थेट मोज्यावर शिवलं असेल तर लांबून दोन भोकं दिसतात, डोळे नाही दिसत. बटणाखाली पांढऱ्या कापडाचा गोल लावा, बटणापेक्षा मोठा, आणि बटण त्या गोलाच्या बरोबर मधे नको, थोडं नाकाकडे सरकवा, दोन्ही डोळ्यांचं. अगदी किंचित, तिरळा नाही करायचा. असं केलं की तो कुठेतरी बघतोय असं वाटतं, नाहीतर एक डोळा आपल्या महाल भागात आणि एक धरमपेठेत. आणि जमलं तर तोंडात पुठ्ठा टाका, मिठाईच्या डब्याचा चालतो, लंबगोल कापून मधे दुमडायचा आणि आतून चिकटवायचा, म्हणजे तोंड तोंडासारखं उघडतं, नुसता मोजा चुरगळत नाही. त्यावर बोटं घसरतात म्हणून आतून कापडाची पट्टी लावा बोटं अडकवायला. एवढंच, बाकी शिवणकामात वेळ घालवू नका, लोकं महिना महिना बाहुल्याला जॅकेट शिवत बसतात आणि प्रॅक्टिस शून्य.

आता मनगट. हात वर धरला की दोन मिनिटांत मनगट थकतं आणि हळूहळू मागे पडतं, तुम्हाला कळत पण नाही, आणि ढब्बू पंख्याकडे बघायला लागतो. तुमची पोरं कुठे बसतात? खाली सतरंजीवर. म्हणजे तो पोरांशी बोलतोय आणि बघतोय पंख्याकडे, मग पोरांनी त्याच्याकडे काऊन बघावं? मनगट पुढे वाकवा, तुम्हाला वाटेल त्यापेक्षा जास्त, नाक सरळ एखाद्या पोराच्या नाकावर गेलं पाहिजे. सगळ्या वर्गाकडे एकदम बघायचंच नाही, एका पोराकडे बघायचं, मग दुसऱ्याकडे. ज्याच्याकडे तो बघेल ते पोरगं पाठ ताठ करून बसेल, करून बघा, दरवेळी होतं.

मग श्वास. हे ऐकायला थोडं बुवाबाजीसारखं वाटतं पण अगदी मेकॅनिकल गोष्ट आहे. ढब्बू काहीच करत नसेल तेव्हा तुमच्या श्वासासोबत हात अगदी करंगळीच्या जाडीएवढा वर, खाली. पुढे बसलेल्याला कळलं पाहिजे आणि मागच्याला फक्त वाटलं पाहिजे. आणि काही करायच्या आधी, वळायच्या, उठायच्या, पुढे बोलायच्या आधी, एक छोटा श्वास आत, म्हणजे किंचित वर. आपण पण बोलायच्या आधी श्वास घेतोच ना, कोणी लक्ष देत नाही पण तो नसला की खटकतं.

आणि क्रम पाळा. खिडकीबाहेर कुकरची शिट्टी वाजली. तुम्ही आत्तापर्यंत काय केलं असतं, शिट्टी वाजताच ढब्बू उडाला असता आणि "अय्या काय वाजलं" म्हणाला असता, सगळं एकाच वेळी. त्याऐवजी असं, शिट्टी वाजली, ढब्बू गप्प, हलायचा थांबला. एक सेकंद काहीच नाही. मग डोकं वळलं खिडकीकडे. बघितलं. मग तुमच्याकडे बघितलं, की ताई हे काय. मग परत खिडकीकडे. मग हळूच तुमच्या खांद्याआड. बोललाच नाही आणि सगळी पोरं खिडकीकडे बघणार आणि हसणार. हे सगळं पाच-सहा सेकंदाचं काम आहे. प्रॅक्टिसला कुकर लावायची पण गरज नाही, नागपुरात हॉर्न चोवीस तास मिळतात.

आता तुमचा मोठा प्रश्न, ओठ न हलवता बोलणं. बघा, शब्दभ्रम ही फार मोठी कला आहे, रामदास पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलाय, त्यांच्याकडे ती वडिलांपासून, य. के. पाध्यांपासून आलेली, म्हणजे घरात दोन पिढ्यांचं काम आहे. पोळ्यापर्यंत ते जमायचं नाही, आणि गंमत सांगू का, त्यात सगळ्यात अवघड अक्षरं प, फ, ब, भ, म, कारण ती ओठ टेकल्याशिवाय निघतच नाहीत, आणि तुम्ही नाव ठेवलंय ढब्बू. त्याला स्वतःचं नावच सांगता आलं नसतं.

पण त्याची गरज नाहीये. पोरं तुमच्या तोंडाकडे बघत होती ते तुमचे ओठ हलत होते म्हणून नाही, तुम्ही स्वतः पोरांकडे बघत होत्या म्हणून. माणसाची सवयच आहे, समोरचा जिकडे बघेल तिकडे आपण बघतो. तुम्ही ढब्बूकडे बघाल तर पोरं ढब्बूकडे बघतील, ओठ हलले तरी चालतील. तो बोलत असताना तुम्ही त्याच्याकडे बघायचं, खरंच ऐकत असल्यासारखं, म्हणजे पुढे काय बोलणार ते तुम्हाला माहितच नाही असं. तुम्ही बोलत असताना त्याने तुमच्याकडे बघायचं, तोंड बंद, फक्त श्वास. दोघं एकदम कधीच हलायचं नाही. हा एवढा नियम पाळला ना तर अर्धं काम झालं.

आणि सुरुवातीला याहून सोपी युक्ती आहे, ढब्बूने बोलूच नये, तुमच्या कानात सांगावं. तो कानाशी येतो, तोंड बारीक बारीक हलतं, तुम्ही ऐकता, हसता किंवा "नाही हं, असं नाही म्हणायचं" म्हणता, आणि मग पोरांना सांगता, किंवा सांगतच नाही! "काय म्हणाला टीचर, काय म्हणाला?" बघा मग. राजस्थानचे कठपुतळीवाले शेकडो खेळ असेच करतात, त्यांच्या बाहुल्या शब्दच बोलत नाहीत, खेळवणारा तोंडात बोली धरतो, म्हणजे बांबूची आणि चामड्याची शिट्टी, त्यातून चींचीं आवाज, आणि बाजूला ढोलक घेऊन बसलेलं माणूस ते लोकांना सांगतं. म्हणजे बाहुल्याची भाषा वेगळी आणि मधे दुभाष्या, लोक दोन्ही ऐकतात आणि कोणालाच खोटं वाटत नाही. तुम्ही ढब्बूच्या दुभाष्या व्हा.

पुढे बोलायला लावालच, तेव्हा दोन गोष्टी. एक, शब्दावर तोंड उघडतं, मिटत नाही. नवी माणसं शब्दावर चावतात, प्रत्येक शब्दाला टपकन तोंड मिटतं, मग बाहुला बोलतोय असं न वाटता माशा खातोय असं वाटतं. आणि वरची चार बोटं उचलू नका, अंगठा खाली न्या. आपला पण खालचाच जबडा हलतो, वरची बोटं उचलली की डोकं मागे पडतं आणि परत पंखा सुरू. याला मस्त प्रॅक्टिस म्हणजे आकडे. एक ते पाच एकेकदाच तोंड उघडतं, मग सहा, तिथे दोनदा. सात, आठ एकदा. नऊला आणि दहाला परत दोनदा. पुढे एकोणीसला तीनदा, वीसला एकदम एकदाच. पोळ्या लाटायच्या आधी, बसमध्ये, बिना बाहुल्याचं, नुसत्या हाताने करत राहा, बाजूचे बघतात थोडे, बघू द्या. बोटांना सवय लागली की मग फार काटेकोर राहायची पण गरज नाही, घाईच्या वाक्यात सगळे तुकडे घेतले तर तोंड फडफडतं, तिथे जोर असेल तिथेच उघडायचं.

दुसरं, तो बारीक आवाज सोडा. तुमचाच घसा बसेल आणि पोरांना अर्धे शब्द कळत नाहीत. आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर मोज्यापासून मानेवाड्यात जन्मलेल्या ढब्बूने पुस्तकातली मराठी काऊन बोलावी? "मला भूक लागली आहे" नको, "मले भूक लागली ना ताई" म्हणू द्या. घरी तुमची आजी जशी बोलते तसं. आवाज आपोआप वेगळा होतो, गळा आवळायची गरजच नाही. पालकांपैकी कोणी नाक मुरडलं तर सांगा, बाहुला ऐकत नाही माझं.

हात दिसण्याचा इलाज पण सांगतो. तुमच्या मोज्याची लांबी मनगटाच्या थोडी वर संपत असेल, त्याखाली बांगड्या, कोपर, साडी. जुन्या शर्टाची बाही कापून मोज्याला जोडा, कोपरापर्यंत. आणि ढब्बूला राहायला घर द्या, भाजीची कापडी थैली उत्तम. थैली मांडीवर, हात आधीच आत, आणि पोरांसमोर मोजा हातात चढवणं कधीच नाही. आधी थैली हलते. थांबते. मग दोन केस बाहेर. मग डोळे. परत आत. पोरं तिथेच संपतात. कोपर थैलीत मांडीवर टेकलेलं असलं की हात पण दुखत नाही, त्या पोराला प्रामाणिक उत्तर देता येईल.

थैलीचं इतकं सांगतोय कारण माझं एकदा फार वाईट झालं होतं. एका शाळेत खेळ छान झाला, टाळ्या झाल्या, आणि मी खुश होऊन तिथेच पोरांसमोर हात काढला आणि बाहुली टेबलावर पालथी टाकून पाणी प्यायला लागलो. पहिल्या रांगेतली एक पोरगी रडायला लागली. काही केल्या थांबेना. तिच्यासाठी मी काय केलं ते आता लिहायला पण नको वाटतं. तेव्हापासून माझी प्रत्येक बाहुली झोपायला जाते, जांभई, डोकं खाली, थैलीत, थैलीवरून दोन थापट्या, आणि थैली पोरांच्या नजरेआड गेल्यावरच हात बाहेर. तुम्ही पण तसंच करा.

अजून एक, तुमचा दुसरा हात काय करतो? मला वाटतं काहीच नाही, नुसता लटकत असेल. ओडिशात हातमोज्याची बाहुली खेळवणारे लोक एका हातात बाहुली आणि दुसऱ्या हाताने ढोलक वाजवतात, ठेका आणि हालचाल एकदम बरोबर जुळवून. तुम्ही ढोलक नका वाजवू, पण त्या हाताने ढब्बूचे केस सारखे करा, नाक पुसा, तो उड्या मारायला लागला की खांद्यावर हात ठेवून बसवा. ज्याला आपण हात लावतो त्याला अंग आहे असं बघणाऱ्याला वाटतं. आणि ढब्बूने त्या हाताला विरोध करावा, केस विंचरताना मान काढून घ्यावी. ते तर प्रत्येक घरात रोज सकाळी चालतं.

आता तान्हा पोळा. ताई तुम्हाला सांगतो, याच्यापेक्षा चांगला दिवस मिळणार नव्हता. १८०६ साली दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी लेकरांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला असं सांगतात, आणि तेव्हापासून आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिकडे इतवारीत मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघालेल्या असतात आणि इकडे गल्लीगल्लीत पोरं बैल ओढत बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. तो बैल बघा कधी नीट. मान वळत नाही, शेपटी हलत नाही, खाली चार चाकं. आणि पोरगं त्याला पाणी पाजतं, पाऊस आला तर आधी त्याच्यावर रुमाल टाकतं, पडला तर शिंग चोळतं. तुमच्या समोर त्या दिवशी जी २२ पोरं बसणार आहेत ती सगळी यातली एक्स्पर्ट आहेत. त्यांना शिकवायचं नाहीये काही, त्यांच्यासोबत खेळायचंय फक्त.

मी तुमच्या जागी असतो तर दहा मिनिटं केलीच नसती, चार केली असती. गोष्ट एवढीच, ढब्बूने बैल कधी बघितला नाही. टेबलावर एक लाकडी बैल, वर्गातल्याच एखाद्याचा मागून घ्या, सजवलेला. ढब्बू थैलीतून येतो, पोरांना बघतो, मग बैल दिसतो. थांबतो. हळूच थैलीत. परत बाहेर. तुमच्या कानात विचारतो, तुम्ही सांगता "बैल आहे रे, काही करत नाही". तो पोरांकडे बघतो, खरंच? पोरं ओरडतात. मग जवळ जातो, आणि हे सगळ्यात हळू करायचं, बोटभर पुढे, थांब, श्वास, बोटभर पुढे. नाक लावतो. तेवढ्यात तुम्ही दुसऱ्या हाताने बैल किंचित ढकला, चाकं आहेतच. ढब्बू उडून तुमच्या गळ्यात. इथे हसू येणारच, ते संपेपर्यंत काही करायचं नाही, फक्त ढब्बूचा श्वास जोरजोरात. मग परत जातो, या वेळी पाठीवर डोकं टेकवतो, आणि तिथेच झोप येते त्याला. बैलासकट थैलीत घाला. ज्याचा बैल आहे त्याला नंतर परत मात्र नक्की द्या, नाहीतर तिथे वेगळंच नाटक सुरू होईल.

घरी प्रॅक्टिस आरशासमोर नका करू, आरशात बघितलं की तुमची नजर ढब्बूवर राहत नाही. मोबाईल सतरंजीच्या उंचीवर ठेवा, पोरांच्या डोळ्यांएवढ्या, व्हिडिओ काढा आणि आवाज पूर्ण बंद करून बघा. आवाज बंद असताना गोष्ट कळली पाहिजे. जिथे कळत नाही तिथे तुम्ही घाई केलीय. रोज पाच मिनिटं पुरे, जास्त केलं तर मनगट धरेल. आणि पोळ्याच्या दिवसांत आपल्याकडे घाम किती ते सांगायला नको, आत पातळ सुती मोजा घाला, दोन खेळांच्या मधे बदलता येतो आणि ढब्बूला वास येत नाही.

आणि तो जोडीचा दुसरा मोजा फेकू नका हो. त्याला बटणं लावू नका, काहीच लावू नका, तसाच ठेवा. पोळा झाल्यावर एक दिवस वर्गात न्या, ढब्बूला थैलीतून बाहेर काढा, आणि त्याच्यासमोर तो मोजा नुसता टेबलावर ठेवा. ढब्बू काय करतो ते मला नक्की कळवा.